कॅसांड्रा क्लस्टरमध्ये नवीन नोड जोडताय? पहिल्यांदा स्टार्ट करायच्या आधी हे वाचा

कॅसांड्रा म्हणजे अनेक मशीनवर डेटा वाटून ठेवणारा डेटाबेस; त्यातलं एक मशीन म्हणजे नोड, सगळे मिळून क्लस्टर. अशा चालू क्लस्टरमध्ये एक नोड वाढवायचा तर टायपिंग म्हणाल तर दहा-पंधरा मिनिटांचं. बाकी सगळी तयारी आणि मग थांबणं. पण एक गोष्ट आधी डोक्यात पक्की बसवून घ्या: नवीन नोड पहिल्यांदा चालू होतो तेव्हाच तो क्लस्टरचं नाव, आपले टोकन (डेटाच्या वाटणीत कुठला भाग आपला ते ठरवणारे आकडे), डेटासेंटर, रॅक (डेटासेंटरमधला नोडांचा गट) हे सगळं आपल्या सिस्टिम टेबलांमध्ये लिहून ठेवतो, आणि नंतर तुम्ही कॉन्फिगमध्ये त्यातलं काही बदललंत तर तो सुरूच व्हायला तयार होत नाही. म्हणून जी काही काळजी घ्यायची ती पहिल्या स्टार्टच्या आधी. मी जेवढे नोड जोडताना गडबड झालेली बघितली, त्यातल्या बहुतेक वेळी चूक स्टार्टच्या आधीच करून ठेवलेली होती, दिसली फक्त नंतर.

मी हे ४.० आणि ४.१ धरून लिहितोय. कमांडची आणि सेटिंगची नावं उच्चाराप्रमाणे लिहिलीयत, टर्मिनलवर अर्थातच इंग्रजीत टाइप करायची.

आधी थोडं गणित

कॅसांड्रामध्ये मास्टर वगैरे भानगड नाही, सगळे नोड सारखे. फेसबुकमध्ये अविनाश लक्ष्मण आणि प्रशांत मलिक यांनी हे इनबॉक्स सर्चसाठी बनवलं, २००८ मध्ये ओपन सोर्स झालं, आणि लक्ष्मण त्याआधी ॲमेझॉनच्या डायनॅमोवर काम केलेले, त्यामुळे रिंगची कल्पना तिथूनच आलीय. प्रत्येक पार्टिशन की चा हॅश काढायचा, तो रिंगवर जिथे पडेल तिथल्या नोडकडे डेटा द्यायचा आणि रेप्लिकेशन फॅक्टर ३ असेल तर पुढच्या अजून दोघांकडे कॉपी ठेवायची. नवीन नोड आला की तो रिंगवर मध्ये मध्ये काही जागा घेतो, आणि त्या जागांचा डेटा जुन्यांकडून ओढून घेतो. यालाच बूटस्ट्रॅप म्हणायचं.

आता समजा तीन नोड आहेत, तिघं एकाच रॅकमध्ये, रेप्लिकेशन फॅक्टर ३, म्हणजे प्रत्येकाकडे १०० टक्के डेटा, आणि तो आहे ८०० जीबी. चौथा आला की प्रत्येकाच्या वाट्याला साधारण ७५ टक्के, म्हणजे नवीन नोड ६०० जीबी ओढणार, प्रत्येक जुन्याकडून साधारण २०० जीबी. ४.० मध्ये एका नोडवरून बाहेर जाणाऱ्या स्ट्रीमिंगची (नोडकडून नोडकडे डेटा पाठवण्याची) डिफॉल्ट मर्यादा २०० मेगाबिट, म्हणजे सेकंदाला साधारण २५ एमबी (४.१ मध्ये सेटिंगचं नाव बदललं, वेग जवळपास तोच). २०० जीबीला २५ एमबीने भागा, ८००० सेकंद, म्हणजे सव्वादोन तास. प्रत्यक्षात जास्तच लागतो, कारण नवीन नोडवर कॉम्पॅक्शन (छोट्या डेटा फाइल एकत्र करून मोठी बनवणं) चालू होतं आणि डिस्क, नेटवर्कवर जुना लोडही असतोच. पण हे गणित कागदावर करून ठेवाच. पुढे स्टेटसमधला लोड (म्हणजे नोडवर किती डेटा आहे तो आकडा) वाढत जाताना कुठे थांबायला हवा हे तुम्हाला माहिती असलं पाहिजे, नाहीतर काय चुकतंय ते कळणारच नाही.

आणि डिस्क ८५ टक्के भरल्यावर हे काम काढू नका हो. कॉम्पॅक्शनला मोकळी जागा लागते, साइज टिअर्ड स्ट्रॅटेजी (साधारण सारख्या आकाराच्या फाइल एकत्र करायची पद्धत) असेल तर एखाद्या मोठ्या कॉम्पॅक्शनला मूळ डेटाएवढी जागा लागू शकते. जुन्या नोडवरची जागा नोड जोडल्याबरोबर मोकळी होत नाही, शेवटी क्लीनअप (आता आपल्या वाट्याचा नसलेला डेटा पुसणं) चालवल्यावरच होते आणि क्लीनअपलाही तात्पुरती जागा लागते. पन्नास-साठ टक्क्याला आलात की नोड मागवा.

जुनं क्लस्टर धड आहे का ते बघा

कुठल्याही जुन्या नोडवर नोडटूल स्टेटस चालवा (नोडटूल ही कॅसांड्राबरोबरच येणारी कमांड). सगळ्यांच्या पुढे यूएन पाहिजे, म्हणजे अप आणि नॉर्मल. एक जरी डीएन (डाउन, म्हणजे बंद) असला तरी थांबा, कारण नवीन नोड ज्याच्याकडून डेटा घेणार तोच बंद असेल तर कॅसांड्रा स्वतःच बूटस्ट्रॅप नाकारतो, आणि ते बरोबरच आहे. काही लोक ती तपासणी बंद करायचा फ्लॅग टाकून पुढे रेटतात, तसं करू नका.

बंद पडलेला नोड कायमचाच गेला असेल, मशीनच मेलं असेल, तर मग तुम्हाला नोड वाढवायचा नाहीये, बदलायचाय. ते वेगळं प्रकरण: नवीन मशीनवर रिप्लेस ॲड्रेस फर्स्ट बूट हा जेव्हीएम फ्लॅग मेलेल्या नोडचा आयपी देऊन टाकायचा, मग तो त्याच्याच टोकनवर बसतो. नवीन जोडून मग जुना काढला तर डेटा दोनदा इकडून तिकडे फिरतो, उगीच.

मग नोडटूल डिस्क्राइबक्लस्टर. खाली स्कीमा (टेबलांची रचना) व्हर्जन्स दिसतात, तिथे एकच व्हर्जन आणि त्यापुढे सगळे आयपी पाहिजेत. दोन दिसले तर आधी ते निस्तरा. क्लस्टरचं नेमकं नावही इथेच मिळतं, ते कॉपी करून ठेवा.

व्हर्जन सगळीकडे एकच पाहिजे. अपग्रेड अर्धवट असताना, म्हणजे चार नोड ३.११ वर आणि दोन ४.० वर अशा अवस्थेत नोड जोडायचा नाही, मेजर व्हर्जन वेगळं असेल तर स्ट्रीमिंग चालत नाही. रिपेअर (वेगवेगळ्या नोडवरच्या कॉपी एकमेकींशी जुळवून घेणं) चालू असेल तर संपू द्या, शेड्यूल असेल तर तेवढ्या दिवसापुरतं बंद ठेवा. आणि डेव्हलपर लोकांना ग्रुपवर सांगून ठेवा की बूटस्ट्रॅप संपेपर्यंत क्रिएट टेबल, आल्टर टेबल काही नको.

नवीन मशीन

हार्डवेअर शक्यतो बाकीच्यांसारखंच. जावा पण तेच व्हर्जन. स्वॅप बंद, मॅक्स मॅप काउंट १०४८५७५, ओपन फाइल्सची लिमिट वाढवलेली, हे सगळं जुन्या नोडवर जसं आहे तसंच्या तसं आणा, आठवून आठवून टाकू नका, जुन्या मशीनवरून बघून टाका. क्रोनी (घड्याळ जुळवणारी सर्व्हिस) चालू पाहिजे आणि वेळ जुळली पाहिजे. हे लोक हलक्यात घेतात पण कॅसांड्रात एकाच सेलवर दोन राइट आले तर ज्याचा टाइमस्टॅम्प नंतरचा तो जिंकतो, त्यामुळे एका नोडचं घड्याळ पुढे असेल तर जुनी व्हॅल्यू नवीनला खाऊन टाकू शकते आणि कुठेही एरर येत नाही.

पोर्ट: ७००० नोडांच्या आपसातल्या बोलण्यासाठी (टीएलएस असेल तर जुन्या सेटअपमध्ये ७००१), ९०४२ क्लायंटसाठी, ७१९९ जेएमएक्ससाठी (नोडटूल यावरूनच बोलतं). ७००० दोन्ही दिशांनी उघडा पाहिजे, नवीनकडून जुन्याकडे आणि प्रत्येक जुन्याकडून नवीनकडे. फायरवॉलमध्ये एकच दिशा उघडून ठेवलेली असते आणि मग तासभर लॉग बघत बसायची वेळ येते. मध्ये एखादा फायरवॉल असा असेल जो शांत पडलेली कनेक्शन तोडतो, तर टीसीपी कीपअलाइव्हची वेळ ६० सेकंद वगैरे करून ठेवा, नाहीतर स्ट्रीमिंग मध्येच तुटतं.

इन्स्टॉल केल्याबरोबर स्वतःहून चालू होणारी सर्व्हिस

डेबियन किंवा उबुंटूवर पॅकेज इन्स्टॉल केलंत की कॅसांड्रा लगेच आपोआप चालू होतो. तुम्ही यॅमल फाइल (कॉन्फिगची मुख्य फाइल) उघडायच्या आधीच. म्हणजे तुमचा तो महत्त्वाचा पहिला स्टार्ट डिफॉल्ट सेटिंगवर होऊन गेला, क्लस्टरचं नाव टेस्ट क्लस्टर असं सिस्टिम टेबलात लिहिलं गेलं, टोकनही ठरले. मग तुम्ही खरं नाव टाकून रीस्टार्ट करता आणि लॉगमध्ये येतं की सेव्ह केलेलं नाव टेस्ट क्लस्टर आणि कॉन्फिगमधलं नाव जुळत नाही.

उपाय सोपा आहे. सर्व्हिस बंद करा, व्हार लिब कॅसांड्रा या फोल्डरच्या आतलं सगळं उडवा: डेटा, कमिटलॉग, सेव्ह्ड कॅशेस, हिंट्स. फक्त डेटा उडवून कमिटलॉग ठेवू नका, सगळं. आणि एंटर दाबायच्या आधी प्रॉम्प्टवर होस्टनेम बघा. तीन टर्मिनल उघडी असतात, दोन जुन्या नोडची, एक नवीन, सगळी काळी, सगळी सारखी दिसणारी. मी अशा वेळी जुन्या नोडची टर्मिनल बंद करूनच ही कमांड चालवतो, आणि तुम्हीही तसंच करा असं अगदी मनापासून सांगीन.

यॅमल आणि रॅक फाइल

जुन्या नोडची कॅसांड्रा यॅमल कॉपी करून आणा आणि त्यात बदल करा, नवीन कोरी भरत बसू नका.

क्लस्टर नेम अक्षर न् अक्षर तेच, स्पेस आणि कॅपिटल-स्मॉलसकट. लिसन ॲड्रेस आणि आरपीसी ॲड्रेस नवीन मशीनचे. कॉपी केलेल्या फाइलमध्ये जुन्याचा आयपी राहून जातो, तो बदला. नम टोकन्स बाकीच्यांएवढेच. ४.० पासून डिफॉल्ट १६ आहे, आधी २५६ होतं, त्यामुळे क्लस्टर जुन्या काळातलं असेल आणि यॅमल नव्या पॅकेजची असेल तर एक नोड १६ टोकनवाला आणि बाकी २५६ वाले असं होतं आणि त्या बिचाऱ्या नवीन नोडच्या वाट्याला अगदी थोडा डेटा येतो. नंतर हा आकडा बदलता येत नाही.

सीड्स (क्लस्टरची ओळख करून घ्यायला नवीन नोड ज्यांना आधी विचारतो ते नोड) मध्ये जुन्या दोन-तीन नोडचे आयपी, सगळीकडे जे आहेत तेच. नवीन नोडचा स्वतःचा आयपी तिथे अजिबात नको. सीड नोड बूटस्ट्रॅप करत नाही, म्हणजे तो एक बाइटही डेटा न ओढता थेट यूएन होऊन बसतो, रिंगवरच्या जागा मात्र ताब्यात घेतो आणि कन्सिस्टन्सी वन ने (एकाच नोडच्या उत्तरावर) वाचणाऱ्या ॲप्लिकेशनला रिकामे रिझल्ट द्यायला लागतो. युजर म्हणतो माझ्या ऑर्डर गायब झाल्या. असं झालंच तर घाबरून क्लीनअप बिलिनअप काही चालवू नका! जुन्यांकडे तो डेटा अजून पडलेला आहे, क्लीनअप केलंत की तेवढी कॉपी खरंच जाईल. नवीन नोडवर नोडटूल डीकमिशन करा, तो बाहेर पडला की डेटा फोल्डर पुसा, सीड्स नीट करा आणि परत आणा. ऑटो बूटस्ट्रॅप ही सेटिंग फाइलमध्ये सहसा नसतेच, नसेल तर ती ट्रू धरली जाते. पण कोणी कधी फॉल्स लिहून ठेवली असेल तर तीही फाइलबरोबर कॉपी होऊन येते, म्हणून एकदा शोधून बघा.

आता रॅक. कॅसांड्रा रॅकडीसी प्रॉपर्टीज नावाची छोटीशी फाइल आहे, डीसी आणि रॅक, दोन ओळी. गॉसिपिंग प्रॉपर्टी फाइल स्निच (कुठला नोड कुठल्या डीसी-रॅकमध्ये आहे ते सांगणारी सेटिंग) वापरत असाल तर नोड याच दोन ओळी वाचतो. एके ठिकाणी आमचे सहा नोड होते, रेप्लिकेशन फॅक्टर ३, सगळे एकाच रॅकमध्ये, रॅकचं नाव कोणीतरी आधीच ठरवलेलं आर१. प्रत्येकावर ७०० जीबी. सातवा जोडायचा होता, हिशोब सरळ: सहा गुणिले सातशे भागिले सात, ६०० जीबी. यॅमल दोघांनी तपासली. ही दोन ओळींची फाइल कोणी उघडलीच नाही, डीसीचं नाव नशिबाने डिफॉल्टच होतं म्हणून जुळलं, रॅक मात्र डिफॉल्ट रॅक१ राहिला. रात्री अकराला सुरू केला, सगळं छान, यूजे (अप आणि जॉइनिंग, म्हणजे अजून जोडला जातोय) दिसतंय, लोड वाढतोय. पहाटे तीनला बघितलं तर ७४० जीबी आणि तरीही यूजे. आम्हाला वाटलं कॉम्पॅक्शन मागे पडलंय म्हणून फुगलंय. साडेचारला ९८०, डिस्क होती १.२ टीबीची. तेव्हा माझ्या सहकाऱ्याचं लक्ष नोडटूल स्टेटसच्या सगळ्यात उजव्या कॉलमकडे गेलं, वर सहा वेळा आर१ आणि खाली एकटाच रॅक१.

झालं काय होतं, तर नेटवर्क टोपॉलॉजी स्ट्रॅटेजी (कॉपी कुठल्या नोडवर जाणार ते ठरवणारी पद्धत) कॉपी ठेवताना आधी वेगवेगळे रॅक शोधते. एका रॅकमध्ये सहा आणि दुसऱ्यात एकच असेल तर क्लस्टरमधल्या प्रत्येक रोची एक कॉपी त्या एकट्याच्या गळ्यात पडते. सहा गुणिले सातशे भागिले तीन, १४०० जीबी. ते १.२ टीबीमध्ये मावणारच नव्हतं. बंद केला, जुन्या नोडच्या स्टेटसमधून तो दिसेनासा होईपर्यंत थांबलो, फोल्डर पुसलं, रॅक आर१ केला, परत सुरू. दुपारी ५९० जीबीच्या आसपास यूएन झाला. तेव्हापासून ती दोन ओळींची फाइल मी स्क्रीनवर उघडून दुसऱ्याला मोठ्याने वाचायला सांगतो.

डीसीचं नाव चुकलं तर वेगळीच गंमत, डीसी१ चं कॅपिटल-स्मॉल जरी बदललं तरी कॅसांड्राच्या लेखी ते नवीन डेटासेंटर. तुमच्या कीस्पेसना (कीस्पेस म्हणजे टेबलांचा गट) त्या डेटासेंटरमध्ये कॉपी ठेवायला कोणी सांगितलेलंच नाही, त्यामुळे नोड दोन मिनिटांत यूएन होतो आणि लोड काही केबी. एवढ्या पटकन झालं की खूश होऊ नका, स्टेटसमध्ये डेटासेंटरचे दोन वेगळे गट दिसतायत का ते बघा.

आणि तुमचे खरोखरच तीन रॅक असतील (क्लाउडवर तीन झोन), रेप्लिकेशन फॅक्टर ३, तर प्रत्येक रॅककडे पूर्ण एक कॉपी असते. तिथे एकच नोड जोडला तर तो फक्त आपल्या रॅकमधल्या भावंडांचं ओझं वाटून घेतो, बाकी दोन रॅकना काहीच फरक पडत नाही. अशा क्लस्टरमध्ये तीनच्या पटीत वाढवा, प्रत्येक रॅकमध्ये एक.

सुरू करा आणि बघत बसा

सर्व्हिस स्टार्ट, आणि लगेच सिस्टिम लॉग टेल करून ठेवा. क्रमाने येतं: रिंगच्या माहितीची वाट, स्कीमाची वाट, मग टोकन घेणं, मग बूटस्ट्रॅप सुरू. स्टेटसमध्ये तो यूजे दिसतो, अप आणि जॉइनिंग. या काळात त्याच्याकडे नवीन राइट जातात पण रीड जात नाहीत, म्हणून अर्धवट डेटा कोणाला दिसायची भीती नाही.

पुढचे काही तास नवीन नोडवर नोडटूल नेटस्टॅट्स, कोणाकडून किती फाइल यायच्या आणि किती आल्या ते दिसतं. आणि नोडटूल कॉम्पॅक्शनस्टॅट्स, पेंडिंगचा आकडा शेकड्यांत गेला तरी लगेच दचकू नका, स्ट्रीमिंगने फाइल येऊन पडतायत म्हणून तो वाढतो, नवीन नोडवर रीड नाहीयेत तोपर्यंत तिथली कॉम्पॅक्शनची मर्यादा वाढवली तरी चालते.

वेग वाढवायचा असेल तर सेटस्ट्रीमथ्रूपुट, तो जुन्या नोडवर, प्रत्येकावर, कारण मर्यादा पाठवणाऱ्याची आहे. नवीनवर सेट करून काही होत नाही यावर खूप जण अडकतात. पण आधी जुन्यांची रीड लेटन्सी बघा, ट्रॅफिकच्या वेळेत मी हात लावत नाही, रात्री एकनंतर दुप्पट करतो आणि सकाळी परत खाली. ही कमांड रीस्टार्टपर्यंतच टिकते.

मध्येच तुटलं आणि लॉगमध्ये स्ट्रीम फेल दिसलं, पण प्रोसेस चालू आहे, तर नोडटूल बूटस्ट्रॅप रिझ्यूम. जिथपर्यंत आलं होतं तिथून पुढे घेतो. तुटण्याचं कारण मात्र आधी शोधा, नाहीतर तिथेच परत तुटेल.

दोन नोड जोडायचे असतील तर एकदम दोन नाही. पहिला यूएन होऊ द्या, दोन मिनिटं थांबा म्हणजे ती बातमी सगळ्यांपर्यंत पोचते, मग दुसरा.

यूएन दिसलं तरी काम राहिलंय

नोडटूल स्टेटस च्या पुढे कीस्पेसचं नाव द्या, नाहीतर ओन्स (कोणाकडे किती टक्के डेटा) चा कॉलम नीट अर्थाचा येत नाही. आधी कागदावर काढलेला आकडा आणि आता दिसणारा जवळपास जुळला पाहिजे. मग नवीन नोडला थेट जोडून सीक्यूएल शेलमधून ओळखीचे चार रेकॉर्ड वाचून बघा. लॉगिनच होत नसेल तर सिस्टिम ऑथ (लॉगिनची माहिती ठेवणारी कीस्पेस) चा रेप्लिकेशन फॅक्टर बघा. बऱ्याच क्लस्टरमध्ये तो १ वरच राहिलेला असतो, तो वाढवून त्या कीस्पेसवर रिपेअर चालवा. ॲप्लिकेशनच्या कॉन्फिगमध्ये सहसा काही करावं लागत नाही, ड्रायव्हरला नवीन नोड आपोआप कळतो, फक्त ॲप सर्व्हरकडून नवीन आयपीच्या ९०४२ ला रस्ता आहे ना एवढं बघा.

आता क्लीनअप. जुन्या नोडवर तो दिलेला डेटा अजून तसाच पडलाय, कॅसांड्रा स्वतःहून पुसत नाही. नोडटूल क्लीनअप जुन्या नोडवर, प्रत्येकावर, एका वेळी एकावर. नवीनवर गरज नाही. दोन-तीन नोड जोडायचे असतील आणि डिस्कला दम असेल तर शेवटचा जोडून झाल्यावर एकदाच करा. मी यूएन झाल्यावर एक-दोन दिवस जाऊ देतो, काही वाकडं निघालं तर जुन्यांकडची ती जास्तीची कॉपी कामाला येते.

पण एक-दोन दिवस म्हणजे एक-दोन दिवसच, सहा महिने नाही. डिस्कचा प्रश्न आहेच, पण त्याहून वाईट हे की पुढे कधी एखादा नोड काढलात आणि रिंगवरच्या त्या जागा परत या जुन्याकडे आल्या तर तो पडलेला शिळा डेटा पुन्हा जिवंत होतो. मधल्या काळात जे डिलीट झालं त्याचे टोम्बस्टोन (डिलीट झाल्याच्या खुणा) डिफॉल्ट १० दिवसांनंतर बाकीच्यांकडून पुसले गेलेले असतात, त्यामुळे हे डिलीट झालंय हे सांगणारं कोणी उरतच नाही. ग्राहकाने बंद केलेलं खातं परत दिसायला लागतं. हे मी एकदा बघितलंय आणि त्याचं मूळ शोधायला आम्हाला तीन आठवडे लागले, कारण नोड जोडला होता आठ महिन्यांपूर्वी आणि जोडणारा माणूस कंपनीत राहिलेला नव्हता. म्हणून क्लीनअपचं तिकीट मी नोड जोडायच्या तिकिटाबरोबरच उघडतो, तारीख आणि नोडची नावं घालून, आणि एकेका नोडवर झालं की डीएफ (डिस्क किती भरलीय ते दाखवणारी कमांड) चा आधीचा आणि नंतरचा आकडा त्यात चिकटवतो.

स्ट्रीमिंग आणि कॉम्पॅक्शनच्या मर्यादा परत मूळच्या जागी आणा, रिपेअरचं शेड्यूल चालू करा आणि त्यात नवीन नोडचं नाव घाला, बॅकअपच्या स्क्रिप्टमध्ये घाला, मॉनिटरिंगमध्ये डिस्कचा अलर्ट लावा. शेवटच्या जुन्या नोडवर क्लीनअप संपलं आणि डीएफ चा आकडा खाली आलेला दिसला की तिकीट बंद करा.